बेल वाजली तर उघडायचं नाही

आमच्या बिल्डिंगमध्ये बेल वाजली की घरातली माणसं श्वास रोखून बसतात. टीव्हीचा आवाज बंद होतो, दिवा मालवला जातो, कढईत काही तळत असेल तर तेवढंच तडतडत राहतं. ज्याला खरोखर यायचं असतं तो आधी मेसेज टाकतो, 'खाली आहे', मग आम्ही दार उघडतो. मेसेज न करता बेल वाजवणारा माणूस म्हणजे नक्की सरकारी, किंवा काहीतरी विकायला आलेला.

घरमालकीण नादाबाईंनी चावी हातात देतानाच सांगितलं होतं, "करार-बिरार काही नाही हं पोरांनो. भाडं कमी आहे ते उगाच नाही. कोणी विचारलं तर तुम्ही माझे भाचे. आणि बेल वाजली तर उघडायचं नाही." बेलग्रेडच्या कराबुर्मा भागातल्या आमच्या या जिन्यात आम्ही सगळेच कोणाचे ना कोणाचे भाचे आहोत. खालच्या दाराशी बेलची पाटी आहे, तिच्यावर एकाही भाच्याचं नाव नाही. आमच्या बेलसमोर अजून नादाबाईंच्या नवऱ्याचं नाव आहे, आणि तो बिचारा कधीच देवाघरी गेला.

मी वुकाशिन. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. मी आधी राहायला आलो म्हणून आतली खोली माझी. रेल्या बाहेरच्या खोलीत, रात्री उघडायच्या सोफ्यावर. तो क्न्याझेवात्स गावाच्या पलीकडच्या डोंगरातला. दिवसभर कानाला हेडफोन लावून स्वित्झर्लंडमधल्या बायकांना त्यांचं कॉफीचं मशीन का चालत नाही ते जर्मनमध्ये समजावतो. स्वतः कॉफी पितो ती चेपलेल्या जुन्या भांड्यात उकळून. पोरगा मनाने चांगला आहे, पण लाजाळू, आणि लाजाळू माणूस किती खोटं बोलू शकतो हे मला त्याच्यामुळे कळलं.

रेल्याचं लाजणं त्या खोलीपासून सुरू होत होतं. तिथली पूर्वेची भिंत नादाबाईंच्या काचेच्या कपाटाने अडवलेली, कपाटाला कुलूप, आत त्यांचे रुखवतातले पेले. भिंतीला खिळा मारायची बंदी. सोफा उघडला की खोली संपली, आणि सोफा सहसा उघडाच असायचा. कपडे वाळत घालायचं स्टँड हिटरसमोर कायमचं. गावाकडे फोनवर मात्र रेल्या या सगळ्याला 'माझं घर' म्हणायचा. आम्ही सगळेच म्हणतो. पण रेल्याच्या बापाने तो शब्द खरा धरला.

त्यांचा स्लावा संत दिमित्रीचा, नोव्हेंबरात. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. बापाकडून मुलाकडे येतो. त्या दिवशी पूर्वेच्या भिंतीवरच्या संताच्या तसबिरीसमोर मेणबत्ती जळते, उकडलेल्या गव्हात साखर आणि आक्रोड घालून ठेवतात, येणारा प्रत्येक जण उभ्यानेच आधी त्यातला चमचाभर तोंडात घालतो. पाहुणे बसतात, यजमान दिवसभर उभा. आणि स्लावाला बोलावणं करत नाहीत. ज्याला यायचं तो येतो. बोलावणं करणं चुकीचं, आणि 'येऊ का' म्हणून विचारणं त्याहून चुकीचं. विचारून येतो तो परका.

रेल्याची आई वारली, त्यानंतरच्या स्लावाला त्याच्या बापाने, स्तानिशाकाकांनी, सगळ्या गावासमोर भिंतीवरची तसबीर काढली, टॉवेलात गुंडाळली आणि मुलाच्या हातात दिली. "माझ्या घरात आता गहू शिजवायला बाईमाणूस नाही," म्हणाले. "जिथे जिवंत घर आहे तिथे स्लावा जावा. यापुढे यजमान तू. मी पाहुणा." रेल्याने तसबीर बेलग्रेडला आणली आणि कपाटावर ठेवली, नादाबाईंच्या बॅगांशेजारी. टॉवेलसुद्धा काढला नाही.

वर्ष सरत आलं तसा तो अस्वस्थ झाला.

"भाड्याच्या खोलीत स्लावा करतात का रे?" त्याने मला विचारलं. "सोफा मिटल्याशिवाय दोन माणसं उभी राहत नाहीत. त्यात नादाबाई. त्यात मेणबत्तीचा वास. उद्या ती म्हणेल, भाच्यांनो, चालते व्हा."

"मग नको करूस," मी म्हणालो. "कोण बघायला येतंय?"

मला सोयीचंच होतं. दिवसभर घरात लोकांची ये-जा नको होती.

आदल्या संध्याकाळी काकांचा फोन आला. रेल्या बटाटे सोलत होता म्हणून फोन स्पीकरवर होता.

"सगळं तयार ना रे?"

"तयार आहे, बाबा."

"मेणबत्ती?"

"मोठी आणलीय."

"तसबीर कुठं लावलीस?"

"पूर्वेच्या भिंतीवर," रेल्या म्हणाला. मी कपाटातल्या पेल्यांकडे बघितलं.

"आणि गहू? गहू कोण करणार?"

रेल्या जरा अडखळला. "वुकाशिनच्या आईने शिकवलेत."

माझी आई तिकडे क्रुशेवात्स गावी घरी बसलेली. तिला तेव्हा रेल्याचं नावही धड माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं, पण त्याने बटाट्याच्या सुरीने मला गप्प राहायची खूण केली.

"शाबास," तिकडून आवाज आला. काकांचा आवाज एकदम हलका झाला होता. "लोक येतील बघ. हात आखडू नकोस."

फोन ठेवल्यावर मी त्याला म्हणालो, "माझ्या आईला कशाला मध्ये ओढलंस?" त्याने बटाटे नको इतके सोलले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. स्लावाची सुट्टी हक्काची असते, कायद्यानेच मिळते, पण रेल्याने ती मागितलीसुद्धा नव्हती. सुट्टी घेऊन घरी बसून करायचं काय, मेणबत्ती न लावता?

संध्याकाळी परतलो तेव्हा जिन्यात दिवा लागत होता आणि विझत होता. आमचा जिन्यातला दिवा बटण दाबलं की थोडा वेळ जळतो आणि आपोआप बंद होतो. पहिल्या मजल्यावर आमच्या दारासमोर एक म्हातारा उभा होता आणि दिवा विझला की इमानेइतबारे बटण दाबत होता. अंगात जुना पण इस्त्रीचा कोट, डोक्यावरची टोपी हातात. मागे जिन्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्याने पांढरं फडकं अंथरलं होतं. त्यावर गव्हाचा वाडगा, सणाचा गोल पाव, लाल वाइनची बाटली, पेल्यात उभे ठेवलेले चमचे आणि एक मोठी, न पेटवलेली मेणबत्ती.

वरच्या मजल्यावरची दुन्या हातात भाजीची पिशवी तशीच धरून गहू खात होती. तिच्याशेजारी कोस्ता, पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी पेटी. त्याच्या तोंडातही चमचा. आम्ही तिघं एकाच जिन्यात राहतो, पण मला कोस्ताचं नाव त्या दिवशी कळलं.

"घ्या, घ्या," म्हातारा म्हणत होता. "माझ्या मुलाचा स्लावा आहे. तो येतोच आहे." मग माझ्याकडे वळला. "तू वुकाशिन ना? ओळखलं मी. आईला माझा नमस्कार सांग बाबा. परक्या पोराला गहू शिकवायचे म्हणजे मोठं मन लागतं."

मला जिन्यातून खाली उतरून निघून जावंसं वाटलं. इतकी लाज मला स्वतःच्या खोट्याचीही कधी वाटली नव्हती.

"माझे जरा कच्चे राहिलेत," वाडग्याकडे बोट दाखवत काका म्हणाले. "पहिल्यांदाच शिजवले. म्हटलं, पाहुण्याने रिकाम्या हाती कशाला जायचं. चमचेही आणले, तरण्या पोरांच्या घरी चमचे पुरतात कुठे. पण रेल्याचा पत्ता नाही. खालच्या दारातून बाहेर पडणाऱ्या एकाने मला आत घेतलं. बेल वाजते रे आत, मी ऐकली. दुपारपासून दोन-तीनदा वाजवली. मग म्हटलं, उगाच शेजाऱ्यांना त्रास."

"फोन नाही केलात?"

"स्लावाला फोन?" काका हसले. "काय लग्नाचं आमंत्रण आहे?"

"मेणबत्ती तरी लावायची," दुन्या म्हणाली.

"छे. मी पाहुणा. ती यजमानानेच लावायची."

मी खिशातून चावी काढली. "चला, आत बसा काका." चावी भोकात घातली, ती अर्ध्यावर अडली. पुन्हा घातली. पुन्हा अडली.

आमचं कुलूप जुन्या पद्धतीचं, आरपार भोकाचं आहे. आतून चावी लावलेली असली की बाहेरची जात नाही. भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. माझा हात चावीवरच राहिला. दुन्याचं चावणं थांबलं. कोस्ता खाली स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. दिवा विझला आणि या वेळी कोणीच लगेच बटण दाबलं नाही.

"लॉक बिघडलंय," मी अंधारात म्हणालो.

"भाड्याच्या घरांची लॉकं अशीच," दुन्या घाईघाईने म्हणाली. "माझंही असंच करतं."

काकांनी दिवा लावला. "सरक बघू. गावात लोकांची कुलपं मीच तर दुरुस्त करतो." त्यांनी टोपी माझ्याकडे दिली, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि भोकाला डोळा लावला. मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. मानेवर नव्याने केस कापल्याच्या खुणा होत्या. स्लावासाठी कापून घेतले असणार.

ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले. मग सावकाश उभे राहिले.

"हो," म्हणाले. "बिघडलंय."

आणि टोपी माझ्याकडून परत घेतली.

मी पाठ वळवून रेल्याला मेसेज केला: 'तू आत आहेस. सगळ्यांना कळलंय. काहीतरी कर.'

आत काय चाललं होतं ते त्याने मला नंतर सांगितलं. त्या दिवशी त्याने घरूनच काम घेतलं होतं, आणि दुपारी बेल वाजली तेव्हा तो एका स्विस बाईशी बोलत होता. चोरपावलांनी दाराशी गेला, दारातल्या छोट्या भिंगातून बघितलं तर बाप. बाप टोपी काढून कंगव्याने केस विंचरत होता. रेल्याचा हात चावीवर गेलासुद्धा होता. मग त्याने मागे वळून बघितलं. उघडा सोफा, स्टँडवरच्या चड्ड्या, कालचे बटाटे, आणि टॉवेलातली तसबीर. हात खाली आला. त्याला वाटलं, बाबा जातील. मग आपण फोन करू, कामावर होतो म्हणू, धावत बसस्टँडवर जाऊन भेटू. पण बाबा गेले नाहीत. आणि जसजसा वेळ गेला तसतसं दार उघडणं अशक्य होत गेलं. आता उघडलं तर इतका वेळ काय करत होतास, याला उत्तर काय? तो दाराला पाठ लावून जमिनीवर बसला आणि बाहेर आपला बाप आपल्या नावाने लोकांना गहू देतोय ते ऐकत राहिला. हेडफोनमधली बाई हॅलो, हॅलो करत होती.

माझा मेसेज वाचून त्याने जे केलं ते फक्त लाजलेला माणूसच करू शकतो. तो बाल्कनीतून खाली उतरला. पहिला मजला, पण मागच्या बाजूला जमीन चढावर, खाली चिखल. कोट आत, चाव्या आत. घरात होता तसाच उडी मारून, बिल्डिंगला वळसा घालून पुढच्या दाराशी आला. ते दार आपोआप लागतं. मग त्याला बेल वाजवणं भाग पडलं.

आधी आमच्याच घरात बेल वाजली. बंद दाराआड, रिकाम्या घरात. मग दुन्याची वाजली, मग वरची, मग त्याच्याही वरची. सगळ्या जिन्यात बेल वाजत होत्या आणि सगळ्या जिन्यात कोणी हलत नव्हतं. एका घरातला टीव्ही चटकन बंद झाला, तोही आम्ही ऐकला.

"कोणीतरी खाली उभं आहे," काका म्हणाले.

मी, दुन्या, कोस्ता, आम्ही तिघंही नुसते उभे. मला माहीत होतं कोण आहे, आणि तरी, देवाशपथ, सवयीने माझे पाय जागचे हलले नाहीत.

"अरे, माणूस बाहेर थंडीत उभा आहे," काका म्हणाले. "कोणीतरी दार उघडायला नको का?" आणि कठडा धरून, दुखरा गुडघा सांभाळत, एकेक पायरी ते स्वतःच उतरले.

आम्ही वरून दार उघडल्याचा आवाज ऐकला.

"आलास," काका म्हणाले.

"कामावर... उशीर झाला, बाबा."

"ये. पाहुणे खोळंबलेत तुझे."

ते वर आले तेव्हा दिवा चालू होता, दुर्दैवाने. रेल्याच्या अंगात घरातला टीशर्ट, पायांत त्याच्या आईने विणलेल्या लोकरीच्या सपाता, चिखलाने घोट्यापर्यंत माखलेल्या. तसल्या घरातल्या सपाता कोणी रस्त्यावर घालत नाही. कामावर तर नाहीच. त्याने आमच्यापैकी कोणाकडे बघितलं नाही. काकांनीही त्याच्या पायांकडे बघितलं नाही, आणि ते इतकं मुद्दाम होतं की आम्हीही मग सगळे वरच बघत राहिलो.

"लॉक बिघडलंय तुझं," काका म्हणाले. "हरकत नाही. इथेच करू. यजमान जिथे उभा, तिथे स्लावा."

रेल्याकडे काडेपेटी नव्हती. कोस्ताने लायटर दिला. लायटर दोनदा विझला, तेव्हा कुठे मेणबत्ती पेटली. मग त्याने आणि काकांनी मिळून पाव धरला, फिरवला, त्यावर वाइन ओतली आणि मोडला. काका प्रार्थना पुटपुटत होते. मध्येच थांबून त्यांनी रेल्याला पुढचे शब्द म्हणायला दिले, आणि ते त्याला येत होते. वाडगा हातात घेऊन तो आमच्यासमोर उभा राहिला. आम्ही पुन्हा एकेक चमचा घेतला. गहू खरंच कच्चे होते. आम्ही ते चावून चावून संपवले.

मग काका जिन्याच्या पायरीवर बसले. "आता मी पाहुणा," म्हणाले.

आवाज ऐकून वरची दोन-तीन दारं किलकिली झाली. वरच्या जोडप्याने खुर्ची आणली, कोणीतरी गावाकडून आलेली रकिया, म्हणजे फळांची दारू, आणली, कोस्ताचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत राहिलं. काकांना हात धुवायचे होते, ते दुन्याच्या घरी जाऊन धुवून आले. आमच्या बंद दाराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दाराशेजारी मेणबत्ती जळत होती आणि रेल्या तिच्याजवळ भिजलेल्या सपातांनी उभा होता. "बस की जरा," कोणीतरी म्हणालं, तर नुसती मान हलवली. यजमान बसत नाही. त्या दिवशी त्याने पाळलेलं तेवढंच एक.

रात्रीच्या बसने काका परत निघाले. मुलाच्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. जाताना वाडगा आणि चमचे रेल्याला दिले, त्याच्या गालांचे तीन मुके घेतले आणि शेवटी, न राहवून असावं, खाली बघितलं.

"पाय ओले आहेत तुझे," म्हणाले. "आत गेलास की आधी बदल."

ते गेल्यावर मी खालून धक्का दिला आणि रेल्या बाल्कनीतून घरात चढला. लोकरीच्या सपाता त्याने धुतल्या नाहीत. तशाच वाळवल्या, आणि चिखलासकट कपड्यांच्या कपाटात ठेवल्या.

या वर्षी आम्ही नादाबाईंना न विचारता कपाट सरकवलं आणि पूर्वेच्या भिंतीत खिळा ठोकला. माझी आई क्रुशेवात्सहून आदल्या दिवशी आली आणि तिने रेल्याला खरोखरच गहू शिकवले. सोफा मिटला, स्टँड दुन्याकडे गेलं. खालच्या पाटीवरचं नादाबाईंच्या नवऱ्याचं नाव रेल्याने खरवडून काढलं आणि आपलं लिहिलं. सकाळी मेणबत्ती लागली तेव्हापासून आमचं दार सताड उघडं होतं. वाऱ्याने लागू नये म्हणून रेल्याने फटीत आपला बूट अडकवला. खालच्या दारालाही वीट लावली. दुन्या आली, कोस्ता आला, वरचं जोडपं आलं. मेसेज कोणी केला नाही. रेल्या इस्त्रीचा शर्ट घालून तसबिरीखाली उभा होता आणि खालून पावलं वाजली की बोलता बोलता थांबून दाराकडे बघत होता.

दुपार झाली. गव्हाचा वाडगा निम्मा संपला. काकांची बस केव्हाच पोचली असणार, पण काका आले नाहीत.

मग रेल्याचा फोन वाजला. हातात वाइनची बाटली होती म्हणून त्याने तो स्पीकरवर लावून मेजावर ठेवला, आणि आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"बाबा? कुठे आहात तुम्ही?"

"इथेच. खाली, स्टॉपवर." मागून बसचा आवाज येत होता. "म्हटलं, आधी विचारलेलं बरं. तुला अडचण तर नाही ना रे? येऊ का?"